डाव्या खांद्यावरचा पट्टा

आमच्या यंत्राला एकच बटण होतं. ते कधी दाबायचं हे समजावण्यासाठी मी पहिल्या खेपेला साडेतीन पानं लिहिली होती.

यंत्र म्हणजे चामड्याच्या पाकिटात बसणारी, जाड डायरीएवढी एक डबी. आत कॅसेट. छातीवर पाच चिकटपट्ट्या लावायच्या, त्यांना टिचबटणांनी वायरी जोडायच्या, वायरी डबीत सोडायच्या आणि डबी अंगावर अडकवून माणसाला घरी पाठवायचं. चोवीस तास त्याच्या हृदयाचा ठोका न् ठोका कॅसेटवर उतरतो. दवाखान्यात आडवं करून काढलेला कार्डिओग्राम मिनिटभराचाही नसतो, आणि ज्याला आठवड्यातून एकदा चक्कर येते त्याचं हृदय नेमकं त्या मिनिटात शहाण्यासारखं वागतं. म्हणून हा उपद्व्याप. चक्कर, धडधड, कळ, काहीही जाणवलं की पेशंटनं बटण दाबायचं. कॅसेटवर खूण उमटते. डॉक्टर दुसऱ्या दिवशी खुणेजवळचे ठोके बघतात.

डबीला कंपनीच्या कागदावर लांबलचक इंग्रजी नाव होतं. दवाखान्यात तिला 'टेप' म्हणत, पेशंट 'डबी' म्हणत. मी डबीच म्हणते.

हे नव्वदच्या दशकाच्या शेवटचं आणि त्यापुढच्या काही वर्षांतलं. कोल्हापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका फौंड्रीच्या मागच्या शेडमध्ये आम्ही अठरा माणसं होतो. भिंतीपलीकडे लोखंड ओतलं जाई, अलीकडे आम्ही हृदयाचे ठोके मोजत असू. मालक मगदूमसाहेब हातकणंगल्याचे. घरची फौंड्री सोडून हा नाद त्यांनी का धरला, हे त्यांच्या भावांना शेवटपर्यंत कळलं नाही. इलेक्ट्रॉनिक्स विलास बघायचा. मला घेतलं ते डबीबरोबर द्यायची पुस्तिका लिहायला. डिप्लोमा इलेक्ट्रॉनिक्सचा होता, पण मुलाखतीत मगदूमसाहेबांनी त्यातलं काही विचारलं नाही. एक इंग्रजी कागद पुढं सारला आणि म्हणाले, "माझ्या आईला कळेल असं लिहून दाखव."

मी लिहिलं. ती विद्या माझी नव्हती. माझ्या वडिलांची, अण्णांची होती.

अण्णांचा गल्लीतच लहानसा छापखाना होता. शिशाच्या अक्षरांचे खिळे ठेवायच्या केसा आणि पायानं चालवायचं छपाईचं एक ट्रेडल. लग्नपत्रिका आणि बिलबुकं पोटासाठी, पत्रकं स्वतःसाठी. आजोबांनी छप्पन साली धम्म स्वीकारला आणि घरातले देव नदीत सोडले. ते काम तिथं पुरं झालं नाही, असं अण्णांचं मत होतं. पाणवठा, हुंडा, मुलींची शाळा, बाबागिरी, प्रत्येकावर पत्रक. मी अक्षरं शिकले ती पत्रकांच्या घड्या घालता घालता. अकरावीत असताना वसतिगृहातल्या जेवणावर मी माझं पहिलं पत्रक लिहिलं. अण्णांनी लाल पेन्सिल घेतली आणि निम्मं खोडलं.

"वाचणारा उभा असतोय, सुजा," ते म्हणाले. "एका हातात पिशवी असती, बस यायची असती. तुला एक हात आन अर्धं मिनिट मिळतंय. तेवढ्यात सांग, न्हायतर लिहू नको."

पुढं आयुष्यभर मी जे काम केलं, त्याचं शिक्षण एवढंच.

साडेतीन पानं मी तीन ओळींवर आणली. ती आणताना लक्षात आलं की काही गोष्टी तीन ओळींत बसतच नाहीत, आणि त्या बसत नाहीत कारण यंत्रच चुकीचं केलेलं असतं. तिथं पुस्तिका बदलून उपयोग नसतो. हे मी मोठ्या आवाजात सांगायला लागले. तेव्हा माझा आवाज मोठाच होता.

"बाई, तू पुस्तक लिही," विलास म्हणायचा. "यंत्र आमाला करू दे की जरा."

"तुम्ही केलेलं समजावताना माझी पेनं संपायला लागल्यात," मी म्हणायची.

मगदूमसाहेबांनी भांडण मिटवलं ते मला एक रिकामी भिंत देऊन. त्या भिंतीवर मी दोन तक्ते लावायची. पहिला यंत्राचा. यंत्राची प्रत्येक अवस्था म्हणजे एक गोल: बंद, चालू, नोंद होतेय, वायर सुटली. एका गोलातून दुसऱ्यात न्यायला बाण. बाण म्हणजे माणसाचं बोट. दुसरा तक्ता माणसाचा. त्या क्षणी यंत्र काय करतंय असं त्याला वाटतं, ते त्या गोलांत लिहायचं. दोन तक्ते शेजारी ठेवले की जिथं ते एकमेकांपासून फुटतात, तिथं कुणीतरी चुकणार. आमचा सगळा धंदा त्या फुटण्याच्या जागा शोधण्याचा. यंत्र तयार व्हायच्या आधी थर्माकोलची, लाकडाची डबी करून, ती माणसांच्या हातात देऊन, ती काय करतात हे गप्प बसून बघायचं. गप्प बसणं मला जड गेलं. हजेरीपटावर माझ्या नावापुढं शेवटपर्यंत 'पुस्तिका' असंच लिहिलेलं होतं.

सुरुवातीच्या डबीत बटण दाबलं की 'टिट्' असा आवाज यायचा. पेशंटला कळावं की खूण झाली. मला आणि विलासला ही कल्पना फार आवडली होती.

गडहिंग्लजकडच्या एका गौरव्वांच्या टेपेत हृदय दिवसभरात चार वेळा अडखळलेलं दिसलं. बटणाची खूण एकही नाही. विलास आणि मी एसटीनं त्यांच्या गावी गेलो.

"तुम्हाला जाणवलं नाही का अव्वा?" मी विचारलं.

"जाणवलं की. चांगलं जाणवलं."

"मग बटण का नाही दाबलं?"

"दाबलं की तिकडं कोल्लापुरात वाजतंय न्हवं?" गौरव्वा म्हणाल्या. "डॉक्टर जेवत असतील, जरा पडलं असतील. सारकं सारकं कशाला उठवायचं त्यास्नी?"

विलासनं समजावलं की तसं नाही, आवाज इथल्या इथंच होतो, बाहेर कुठंही जात नाही.

"हितंच वाजतंय?" गौरव्वांनी डबीकडं बघितलं. "मग काय उपेग त्याचा?"

गडमुडशिंगीला एक दूध घालणारे तात्या होते. त्यांची टेप उलटी. खुणांनी भरलेली, ठोके दिसायला जागा नाही.

"दाबलं की बरं वाटतंय बगा पावणं," ते विलासला म्हणाले. "छाती मोकळी हुती. शेजारचा म्हातारा बसला हुता, त्यो म्हनला मलाबी दाबू दे एकदा. मग त्येलाबी दिलं."

"त्यांना बरं वाटलं?"

"वाटलं म्हनला की."

आम्ही आवाज काढून टाकला. बटण दाबल्यावर बोटाला नुसती टिचकी लागेल अशी पत्र्याची चकती आत घातली. पुस्तिकेत चार वाक्यं राहिली: त्रास झाला की दाबा. खूण होते. हे औषध नाही. कुणाला कळत नाही. माझ्या सगळ्या लिखाणात अण्णांनी न खोडलेलं हे पहिलं.

आता पट्ट्याकडं येते. पट्टा मी ठरवला होता.

डाव्या खांद्यावरून उजव्या कमरेला. कारणं पक्की होती. वायरी छातीच्या डाव्या अंगानं येतात, बटण उजव्या हाताखाली हवं, वजन खांद्यावर पडलं की डबी लोंबत नाही. आधी लाकडाची डबी केली, आत फौंड्रीतले लोखंडाचे तुकडे भरून खऱ्या डबीएवढं वजन केलं. चपलांचे कारागीर सातपुतेमामा, त्यांच्याकडून काळ्या चामड्याचा मऊ पट्टा शिवून घेतला. कंपनीतल्या प्रत्येकानं ती एकेक दिवस घातली, विलासनं आठवडाभर. जेवला, सायकल चालवली, फौंड्रीच्या जिन्यावरून वर-खाली पळाला. पट्टा कुठं घासला नाही, कुठं घसरला नाही. आम्ही सगळ्यांनी तो कामावरच्या निळ्या ॲप्रनवरून घातला होता. दवाखान्यात मात्र वायरी झाकायच्या म्हणून तो कपड्याच्या आतून घालत. हा फरक मला माहीत होता. त्यानं काही फरक पडतो, हे माहीत नव्हतं.

अण्णा पहिल्यांदा पडले ते बसथांब्यावर. दुसऱ्यांदा छापखान्यात, हातात अक्षरं जुळवायची पट्टी असताना. खिळे फरशीभर झाले. पडले तिथून ट्रेडल दोन हातांवर होतं. ज्या उस्तादाकडं अण्णा छपाई शिकले, त्याची दोन बोटं तसल्याच यंत्राच्या जबड्यात गेली होती, आणि तो पूर्ण शुद्धीत होता.

डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढला. स्वच्छ. "हृदय मधेच थांबत असेल तर पेसमेकर बसवावा लागेल," ते म्हणाले. "मेंदूतून फिट येत असेल तर गोळ्या. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. टेपेत सापडल्याशिवाय मी काही करणार नाही. तोवर मशीनजवळ जाऊ नका."

"मग मशीन कोण चालवणार?" अण्णा म्हणाले, आणि तो विषय त्यांच्या बाजूनं संपला.

त्या दवाखान्यात टेपा आमच्याच होत्या. अण्णांना डबी लावायचं ठरलं त्या संध्याकाळी गल्लीत सगळ्यांना कळलं. "माझ्या पोरीनं केलेलं यंत्र मलाच लावणार हायत," असं ते घरोघरी सांगून आले.

पहिली टेप आली. रात्रभर उत्तम. सकाळी नऊ-चाळीसला सगळ्या रेषा सरळ झाल्या, म्हणजे वायरी सुटलेल्या. संध्याकाळी आठनंतर पुन्हा ठोके सुरू. मधले दहा तास कोरे, आणि अण्णा पडायचे ते त्या दहा तासांतच, बाहेर असताना.

"चालताना टिचबटण ढिलं होत असंल," विलास म्हणाला. त्यानं वायरी बदलल्या. दुसरी टेप लावली. पुन्हा तेच. नऊ-पस्तीसपासून आठपर्यंत सरळ रेघ. त्या रेघेच्या मधोमध कुठंतरी अण्णा तिसऱ्यांदा पडले, छापखान्याच्या पायरीवर, आणि भुवईवर तीन टाके पडले. कॅसेटवर त्यातलं काहीही नव्हतं.

डॉक्टरांनी मगदूमसाहेबांना फोन केला. "फक्त घरात चालणारं यंत्र माझ्या काय कामाचं?"

विलासनं तीच डबी स्वतःला लावली आणि लुनावरून खड्ड्याखड्ड्यातून हिंडून आला. एक ठोका सुटला नव्हता. त्यानं कागद माझ्यापुढं टाकला. "यंत्र चांगलं हाय. तुझा बाप बिघडलाय."

मला राग आला. रागातच मी भिंतीवर कागद लावला आणि अण्णांच्या दिवसाचा तक्ता काढायला बसले. अनोळखी पेशंटांचे काढले होते, अण्णांचा नव्हता काढला. त्या माणसाला मी ओळखते असं धरून चालले होते. उठणं, चहा, पेपर, पेपरशी भांडण. मी आठला कंपनीच्या बसला निघायची, त्यापुढचं मला आठवून लिहावं लागलं. शर्ट. चपला. छापखाना. सरळ रेघ शर्टाच्या गोलाजवळ सुरू होत होती. संध्याकाळी शर्ट काढून खुंटीला लावला की संपत होती.

संध्याकाळी विलासकडची डबी घेऊन घरी गेले तर आई भाकरी थापत होती.

"आई, अण्णांची डबी दिवसभर कुठं असती?"

"मला कशाला इचारतीस? त्यास्नी इचार."

"म्हंजे तुला ठाऊक हाय."

आईनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला. "पिठाच्या डब्यावर असती," ती म्हणाली. "शेजारची पोरं हात लावत्यात म्हणून मीच वर ठेवायची."

अण्णा आले. मी दोन्ही टेपांचे कागद जमिनीवर पसरून बसले होते.

"अण्णा, तुमी डबी काढून ठेवताय."

"व्हय."

"तीनदा पडलाय तुमी!"

"ठाऊक हाय. मीच पडलोय."

"मग?"

अण्णांनी मी आणलेली डबी उचलली. बनियनवर पट्टा अडकवला, खुंटीवरचा पांढरा टेरिकॉटचा शर्ट घालून सगळी बटणं लावली आणि ट्यूबलाइटखाली उभे राहिले.

"बघ."

मी बघितलं.

"काय दिसतंय?"

"पट्टा," मी म्हणाले.

"पत्रकाच्या घड्या घालून मोठी झालीस. परत बघ."

पांढऱ्या पातळ शर्टातून डाव्या खांद्यावरून उजव्या कमरेकडं गेलेली एक काळपट तिरकी रेघ दिसत होती. डबी शर्टाच्या घोळात झाकली गेली होती. रेघ तेवढी उरली होती. जानवं.

मी ती रेघ वर्षभर कागदावर काढत होते. मापं मी दिली होती, कोन मी ठरवला होता.

तरी मी भांडले. "कंडक्टरची बॅगबी तिरकीच असती की अण्णा."

"ती शर्टावरनं असती. बॅग हाय म्हणून आंधळ्यालाबी कळतंय. ही आतनं हाय."

"पट्ट्याला कशाची जात आलीया? जीव जाईल एक दिवस!"

"पट्ट्याला नसती. बघणाऱ्याला असती." अण्णा शर्टाची बटणं सोडायला लागले. आवाज चढला नव्हता. "ज्यो दोरा दिसला की माझा बा वाट सोडून खाली उतरायचा, तसाच दोरा आतनं घालून मी ह्या गल्लीतनं जाऊ? कुणाकुणाला शर्ट काढून दाखवू, की बाबा, ही डबी हाय म्हणून?"

"मग मला सांगायचं तरी."

"तू केलंयस," अण्णा म्हणाले. "सगळ्या गल्लीला सांगून बसलोय. आन तुझ्याच कामात मी खोट काढू?"

आईनं ताटं घेतली.

दुसऱ्या दिवशी माझ्या भिंतीसमोर उभी राहिले. माणसाच्या तक्त्यावर मधोमध मी एक गोल काढलेला होता आणि त्यात 'माणूस' असं लिहिलेलं होतं. पत्रकांमध्ये अण्णा आणि मी वर्षानुवर्षं लिहीत आलो की माणूस म्हणून माणसाकडं बघा. मी बघितलं होतं. माझ्या गोलातला माणूस कुठल्याच गल्लीत राहत नव्हता, त्याला आजोबा नव्हते आणि त्याच्या अंगात शर्ट नव्हता.

मगदूमसाहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "एका माणसासाठी सगळे पट्टे बदलायचे?"

"एकच आहे का, ते बघू," मी म्हणाले.

जुन्या टेपा काढल्या. दिवसा सरळ रेघ आलेल्या आणखी सात निघाल्या. प्रत्येकीवर आमच्याच अक्षरात 'वायर ढिली' लिहिलेलं होतं. सातांपैकी पाच माणसं आम्हाला भेटली. तालमीतले एक वस्ताद म्हणाले, पोरांसमोर छातीवर पट्टा घालून उभा राहिलो तर उद्या कोण ऐकणार माझं. एक भाजीवाली बाई म्हणाली, नातू ज्या कमरेवर बसतो तिथंच तुमची डबी, मग दोघांतल्या एकाला उतरवलं. आणि एक निवृत्त मास्तर भेटले. फार अदबीनं आत बोलावलं, चहा दिला, विषय निघाल्यावर ओशाळले.

"रागावू नका," ते म्हणाले. "पण जानव्यावर चामडं कसं घालायचं? जानवं तर काढता येत नाही. म्हणून तुमची डबी काढून ठेवली. डॉक्टरांना सांगायला संकोच वाटला."

हे मी घरी येऊन अण्णांना सांगितलं. अण्णा आधी हसले, मग इतके हसले की आई पाण्याचा तांब्या घेऊन आली.

"म्हंजे त्यालाबी नको आन मलाबी नको," ते डोळे पुसत म्हणाले. "मग तू केलंस कुणासाठी गं?"

"ॲप्रनसाठी," मी म्हणाले.

नवा पट्टा शिवायला सातपुतेमामांकडं गेले. जुना त्यांच्यापुढं ठेवला आणि झालेलं सांगितलं. मामांनी तो हातात घेऊन उलटसुलट बघितला, जणू पहिल्यांदाच बघतायत.

"मी पयल्याच दिवशी बघिटलं व्हतं," ते म्हणाले.

"मग बोलला का नाही मामा?"

"तुमी माप दिलं. इचारलं कुटं?"

अठरा माणसांनी अंगावर घालूनही न दिसलेली गोष्ट ज्यानं शिवताना ओळखली, त्याच्याकडं मी फक्त मापं घेऊन गेले होते. त्यानंतर मी कुठल्याही कारागिराला आधी वस्तू दाखवते आणि माप शेवटी देते. कितीदा तरी माप द्यायची वेळच आली नाही.

चामडं गेलं. खाटेला विणतात ती सुती निवार घेतली, दोन बोटं रुंद, आणि तिचा कमरेला बांधायचा पट्टा केला. कमर का, तर आमच्याकडं कमरेला काहीतरी बांधलेलं असणं कुणाला नवं नाही. पोराला जन्मल्यावर करदोटा बांधतात, तो जात बघून बांधत नाहीत. बाईच्या परकराला नाडी असतेच. वस्तादांना विचारलं, भाजीवालीला विचारलं, मास्तरांना विचारलं. डबी बाईला डाव्या अंगाला चालते की उजव्या, हे तिचं तिनं ठरवायचं, म्हणून पाकीट पट्ट्यावर सरकतं ठेवलं. विलासला वायरी वीतभर लांब कराव्या लागल्या. त्यासाठी तो माझ्याशी चार दिवस बोलला नाही, पण केल्या.

पहिला पट्टा अण्णांना. त्यांनी बांधला, वर पांढरा शर्ट घातला, ट्यूबलाइटखाली उभे राहिले आणि आईला विचारलं, "काय दिसतंय?"

"पोट," आई म्हणाली.

तिसरी टेप पूर्ण आली. संध्याकाळी दवाखान्यात डॉक्टर, विलास आणि मी कागद सरकवत बसलो. नऊ-चाळीस गेले, ठोके चालू. दहा गेले. अकरा वाजून वीस मिनिटांनी ठोके थांबले. सरळ रेघ. पण ही रेघ वायर सुटल्याची नव्हती. वायर सुटली की रेघेवर बारीक खरखर दिसते, ही गुळगुळीत होती. विलासनं चौकटी मोजल्या. सहा सेकंद. मग एक ठोका, मग दुसरा, मग सगळे.

मला आधी जो आनंद झाला तो आमची डबी चालली याचा होता. वडिलांचं हृदय सहा सेकंद थांबलं होतं, हे नंतर पोचलं. हा क्रम मी लपवत नाही. या धंद्यात तो अनेकांचा असतो.

त्या सहा सेकंदांजवळ बटणाची खूण नव्हती. घरी जाऊन विचारलं.

"अंधारी आली खरी," अण्णा म्हणाले. "दोन्ही हातात काम व्हतं. एका हातात पट्टी, एका हातात खिळा. खाली बसलो झालं."

एक हात आणि अर्धं मिनिट. मी त्यांच्याकडून शिकले होते आणि बटणाच्या बाबतीत त्यावर विसंबले होते. ज्याचं हृदय थांबतंय त्याला दोन्ही मिळत नाहीत. पुढच्या डबीत ठोका लांबला की ती आपणहून खूण करेल असं विलासनं करून दिलं. बटण ठेवलं. लोकांना ते हवं असतं.

पेसमेकर बसला. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी छातीचा एक्स-रे काढून आमच्या हातात दिला. अण्णा खाटेवर उठून बसले होते. खिडकीच्या उजेडात त्यांनी फिल्म धरली आणि प्रूफ तपासावं तसं वरून खाली बघत आले. डाव्या खांद्याच्या हाडाखाली घड्याळाएवढी गोल डबी दिसत होती. तिच्यातून एक बारीक पांढरी तार निघून तिरकी खाली हृदयात गेली होती.

अण्णांनी फिल्म स्वतःच्या छातीवर ठेवली, डावं डाव्याकडं येईल अशी, आणि मान खाली घालून तारेवरून बोट फिरवलं.

"ह्यो बी तिरकाच की," ते म्हणाले.

विलासनं माझ्याकडं बघितलं. मी गप्प राहिले. तोवर मला ते थोडंफार जमायला लागलं होतं.

अण्णांनी बोट तारेच्या टोकापर्यंत नेलं, तिथं थांबवलं.

"असू दे," ते म्हणाले. "ह्याला काम हाय."

मग त्यांनी शर्ट मागितला.